काचेचे दार आणि जमिनीखालचे दुकान

गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्यात, नागपूर-रायपूर महामार्ग सोडून आत जंगलाकडे वळले की आमचे चिचगड लागते. सभोवती धानाची बांधी, तेंदू आणि मोहाची झाडे, पलीकडे छत्तीसगडची सीमा. येथील किराण्याचे किंवा कापडाचे दुकान पाहावे. त्याला दार असते ते रात्री लावण्यापुरते. सकाळी फळ्या काढल्या किंवा शटर वर ढकलले की दुकानाचा सगळा दर्शनी भाग उघडा होतो. गिऱ्हाईक रस्त्यावरूनच भाव विचारते, ओट्यावर टेकते, दोन गोष्टी बोलते आणि वाटले तर माल घेते. आठवडी बाजारात तर भिंतच नाही. तेव्हा दुकानात शिरावे कसे, हा प्रश्न आमच्या गावात कोणाला सुचणारही नाही.

परंतु दुकान जर जमिनीच्या पोटात असेल तर? रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला ते दिसणार कसे? दिसले तरी त्याने खाली उतरावे का? आपल्याकडे जमिनीखालच्या जागेची ओळख म्हणजे विहीर, भुयार नाहीतर धान्याचे पेव. वऱ्हाडात आणि पश्चिम महाराष्ट्रात पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. पेवाचे तोंड मुद्दाम लहान ठेवलेले असे. एक माणूस कसाबसा उतरेल एवढे. आत कोंडलेली हवा विषारी असू शकते, म्हणून जुनी माणसे ते उघडल्यावर लगेच कोणाला उतरू देत नसत. अशा अनुभवातून आलेला माणूस जमिनीखाली जायला कचरला तर त्यात नवल नाही. शहरातला माणूसही कचरतोच. तो फक्त बोलून दाखवीत नाही.

या कचरण्यावर एका दुकानाने काढलेला तोडगा पाहण्याचा योग आम्हा उभयतांना २०२४ च्या सप्टेंबरात आला. भाचा अमेरिकेत नोकरीला आहे, त्याच्याकडे जाणे झाले. न्यूयॉर्कला जायचे म्हणजे सर्वप्रथम कोलंबिया विद्यापीठ पाहायचे, हे घरूनच ठरले होते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तेथे शिकले. तेथील लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. भाच्याने रीतसर परवानगी काढून ठेवली होती. ते दर्शन झाल्यावर ११६ व्या रस्त्याच्या स्थानकावरून भुयारी रेल्वेने आम्ही ५९ व्या रस्त्याला आलो आणि सेंट्रल पार्कच्या दक्षिण कडेने पूर्वेकडे चालत फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूला पोहोचलो.

काचेची खोली, आत माल नाही

तेथे ५० मजल्यांची पांढरी जनरल मोटर्स बिल्डिंग उभी आहे. तिच्यापुढे दगडी फरशीचे पटांगण आहे आणि पटांगणाच्या मधोमध नुसत्या काचेची एक चौकोनी खोली. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, प्रत्येकी सुमारे ३२ फूट. म्हणजे आपल्याकडील तीन मजली घराएवढी उंच. आत टेबल नाही, खुर्ची नाही, माल नाही. वर एक पांढरे सफरचंद टांगलेले आणि खाली जाणारा गोल जिना. एवढेच! आरपार पाहिले की पलीकडची झाडे आणि माणसे दिसतात. हे अ‍ॅपल कंपनीच्या दुकानाचे प्रवेशद्वार. दुकान सगळे पटांगणाच्या खाली आहे.

या जागेचा पूर्वेतिहास ऐकण्यासारखा आहे. इमारत १९६८ साली झाली तेव्हा तिच्यापुढे रस्त्याच्या पातळीखाली उतरलेले एक खोलगट पटांगण होते. लोक खाली उतरतील, बसतील, दुकाने चालतील अशी कल्पना होती. लोक उतरले नाहीत. रस्त्यावरून चालणाऱ्याला खाली खड्डा दिसे आणि तो पुढे निघून जाई. शहरातील सार्वजनिक जागांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी अशा खोलगट चौकांबद्दल हेच सांगितले आहे: खाली उतरण्यास स्पष्ट कारण दिसल्यावाचून माणूस उतरत नाही. पुढे तो खळगा झाकून पटांगण वर आणण्यात आले. २००३ साली इमारत नव्या मालकाकडे गेली आणि तळघरातील जागेचे करायचे काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणजे ही काचेची खोली. १९ मे २००६ रोजी दुकान उघडले. बोहलिन सायविन्स्की जॅक्सन ही आराखडा करणारी संस्था आणि एकर्सली ओ'कॅलाघन हे काचेच्या बांधणीचे अभियंते.

आराखडा करणाऱ्यापुढचे प्रश्न

जमिनीखालच्या दुकानाचे दार करणाऱ्यापुढे कोणते प्रश्न असतात, ते नीट समजून घेतले पाहिजे. पहिला प्रश्न, दार लांबून दिसले पाहिजे. पण ते इतकेही मोठे नको की पटांगण आणि मागची इमारत झाकून जाईल. दुसरा, खाली उजेड पोहोचला पाहिजे, कारण अंधारात माणूस पाय टाकीत नाही. तिसरा, खाली काय आहे ते वरूनच दिसले पाहिजे आणि परत येण्याची वाटही दिसली पाहिजे. चौथा, पाऊस, बर्फ आणि वारा जिन्यावर येता कामा नये. पाचवा, म्हातारी माणसे, चाकाच्या खुर्चीवरील माणसे, लेकराची गाडी ढकलणारी आई, यांनाही तेवढ्याच सहजपणे उतरता आले पाहिजे.

दगडविटांची खोली बांधली असती तर पाऊस अडला असता, पण उजेडही अडला असता आणि आतले काही दिसले नसते. नुसता उघडा जिना ठेवला असता तर बर्फ आत आले असते. काचेने हे दोन्ही साधले. दिवसा ती जवळजवळ दिसत नाही, रात्री आतल्या दिव्यांनी कंदिलासारखी उजळते. गोल जिन्याचेही कारण आहे. सरळ जिना उतरताना माणसाला समोरची एकच भिंत दिसते. गोल जिना उतरताना तो हळूहळू फिरत जातो आणि तळाला पोहोचेपर्यंत त्याने सगळे दालन चारी बाजूंनी पाहिलेले असते. अनोळखी जागेची भीती पायरीपायरीने कमी होते.

काच एवढी उंच उभी राहते कशी, हा प्रश्न मला पडलाच होता. भिंतींना लोखंडी चौकट नाही. काचेच्याच उभ्या पट्ट्या भिंतीला आधार देतात, काचेच्याच तुळया छत पेलतात. सांध्यांत तेवढे धातूचे तुकडे असतात. ही काच खिडकीच्या तावदानासारखी एकेरी नसते. अनेक काचा एकमेकींवर ठेवून त्यांच्यामध्ये चिवट पारदर्शक प्लास्टिकचा थर दाबून बसवतात. मोटारीच्या समोरच्या काचेचे तत्त्व तेच असते. एक थर तडकला तरी तुकडे थराला चिकटून राहतात, काच कोसळत नाही. २०१४ च्या जानेवारीत बर्फ हटविणाऱ्या यंत्राचा धक्का लागून येथील एक मोठी काच जाळ्यासारखी तडकली. पण ती जागच्या जागी उभी राहिली.

२००६ साली या खोलीला ९० काचा होत्या. २०११ साली त्या काढून केवळ १५ काचा बसविण्यात आल्या: प्रत्येक बाजूला ३ आणि छताला ३. पाच वर्षांत एवढ्या मोठ्या काचा तयार करण्याची कला पुढे गेली होती. भिंतीची एक काच सुमारे १० मीटर उंच आणि ३ मीटरहून रुंद आहे. पुढे २०१७ साली दुकान दुरुस्तीसाठी बंद झाले आणि २० सप्टेंबर २०१९ रोजी जवळजवळ दुप्पट मोठे होऊन पुन्हा उघडले. या वेळी काम फॉस्टर आणि सहकाऱ्यांचे होते. पूर्वीच्या काचेच्या पायऱ्यांच्या जागी पोलादी गोल जिना आला, ४३ पायऱ्यांचा. त्याच्या मधोमध आरशासारखी गोल लिफ्ट आहे. शिवाय दोन साधे जिनेही जोडले आहेत. पटांगणाच्या फरशीत काचेची वर्तुळे बसवून खालच्या दालनात दिवसाचा उजेड सोडला आहे. वर माणसे चालतात, बसतात. खाली त्याच पटांगणातून सूर्यप्रकाश येतो.

"अंदर जाऊ देतीन का?"

हे सगळे भाचा समजावून सांगत होता. सौभाग्यवती मात्र काचेपाशी थांबून आत-बाहेर करणाऱ्यांकडे पाहत होत्या. त्यांनी हळूच विचारले, "अहो, आपल्याले काही घ्याचं नाही. अंदर जाऊ देतीन का?"

भाचा हसला. म्हणाला, "मामी, चला तं खरं. इथं कोणी काही विचारत नाही."

दारात एक गणवेशातील मनुष्य उभा होता. त्याने मान हलवून नमस्कार केल्यासारखे केले. आम्ही उतरलो. मी कठडा धरून जिन्याने आणि या लिफ्टने. खाली लांबलचक लाकडी टेबले, त्यांवर फोन आणि संगणक मांडलेले. कोणी शाळकरी पोरे चित्रे काढीत होती, एक म्हातारे गृहस्थ आपला फोन दाखवून शंका विचारीत होते. झाडेही लावलेली होती. आम्ही अर्धा तास फिरलो, एक पैशाची खरेदी केली नाही आणि कोणी काय हवे म्हणून मागे लागले नाही. हे दुकान २००६ साली सुरू झाले तेव्हापासून दिवसरात्र चोवीस तास उघडे राहणारे म्हणून ओळखले जाते.

याचा अर्थ तेथे धर्मादाय चालतो असा मुळीच नाही. आलेला माणूस आज नाही तर उद्या घेईल, हा हिशेब त्यामागे आहे. फोनच्या किमती पाहिल्या तर आमच्यासारख्याचे डोळे पांढरे होतात. परंतु माणूस आत यावा म्हणून या धंदेवाल्यांनी किती विचार केला, किती खर्च केला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सौभाग्यवतींचा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. मोठ्या दुकानाच्या, मोठ्या दवाखान्याच्या, मोठ्या कचेरीच्या दारात आपली किती माणसे हा प्रश्न मनात घेऊन उभी राहतात आणि तशीच परत जातात!

लेण्यांचा धडा

काच नवी असेल, पण खोदलेल्या जागेत उजेड नेण्याची विद्या आपल्या भूमीला जुनीच आहे. कार्ल्याचे चैत्यगृह वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. डोंगराच्या पोटात खोदलेले ते दालन सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. दारे खाली, आणि त्यांच्या वर घोड्याच्या नालाच्या आकाराची भली मोठी खिडकी. ती दारांपेक्षा कितीतरी मोठी. तिच्यातून येणारा उजेड दूरवर असलेल्या स्तूपापर्यंत जातो. दारात पाय ठेवलेल्या माणसाला पुढे कोठे जायचे ते कोणी सांगावे लागत नाही, उजेडच सांगतो. तेथील खांबांवरील लेख वाचले तर धेनुकाकट येथील लोकांनी ते दान दिल्याचे कळते. म्हणजे ते दालन एका राजाच्या खजिन्यातूनच उभे राहिले असे नाही.

विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीची विजासन लेणी याहून वेगळी आहेत. तेथे टेकडीत सरळ आत जाणारी लांब वाट आहे आणि शेवटी बुद्धमूर्ती. मोठी खिडकी नाही. जसजसे आत जावे तसतसा उजेड कमी होतो. शांततेसाठी आणि ध्यानासाठी ती वाट योग्यच. आमच्या शेजारच्या सालेकसा तालुक्यात कचारगडची विशाल नैसर्गिक गुंफा आहे. माघ पौर्णिमेला तेथे गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते आणि दूरदूरची माणसे लेकराबाळांसह डोंगर चढून येतात. जमिनीच्या किंवा डोंगराच्या पोटात जायला माणूस मुळात भीत नाही. वाट दिसली, उजेड असला, सोबतीला माणसे असली आणि आपल्याला येथे मज्जाव नाही अशी खात्री असली, की तो जातो.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयापुढे १९८९ साली उघडलेला काचेचा पिरॅमिडही असाच. सुमारे २१ मीटर उंच, आणि त्याच्याखाली संग्रहालयाचे प्रवेशदालन. आय. एम. पेई या वास्तुशिल्पकाराने तो आखला तेव्हा जुन्या राजवाड्यापुढे ही काच कशाला म्हणून फार ओरड झाली होती. आज तोच त्या संग्रहालयाची ओळख आहे. आपल्याकडे दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस जमिनीखाली पालिका बाजार झाला. दिल्लीला गेलेल्या पुष्कळांनी तेथे घासाघीस करून कपडे घेतले असतील. तेथील प्रवेश साध्या जिन्यांचे. आत उतरल्यावर वरच्या दिवसाचा पत्ता लागत नाही आणि कोणत्या दाराने आलो ते आठवत बसावे लागते.

आता ही गोष्ट मुंबईतही आली आहे. कुलाबा ते सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्या २७ पैकी २६ स्थानके जमिनीखाली आहेत आणि दादर त्यांपैकी एक. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींना यापुढे या स्थानकांचीही ओळख होईल. डोक्यावर गाठोडे, कडेवर लेकरू आणि हातात म्हातारीचा हात, अशा माणसाला ते दार आपलेसे वाटते का, हीच त्या दाराची खरी परीक्षा.

काच नको, विचार हवा

दाराचे महत्त्व आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा सत्याग्रहींसमोर दारे बंद करण्यात आली. त्या काळी बंदी उघड होती. आज कायद्याने ती नाही. परंतु उंच पायऱ्या, अंधारा बोळ, इंग्रजी पाटी, दाराआड बसलेला आणि "काय काम आहे?" असे तुटकपणे विचारणारा मनुष्य, यांनीही माणूस बाहेरच राहतो. कोणी हाकलले नाही, तरी तो आत गेला नाही, हे खरेच.

म्हणून चिचगडला काचेची खोली उभारावी असे कोणी म्हणू नये. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेथे काचेच्या बंद खोलीत माणूस उकडून निघेल. ती थंड ठेवायची तर विजेचे बिल कोणी भरायचे? आमचा जिल्हा तलावांचा. पावसाळ्यात थोडे खणले तर पाणी लागते. तळघर म्हणजे आपणहून टाके बांधणे होय. काच पुसायला रोज माणूस लागतो. शिवाय काचेतून सगळे दिसते म्हणून सगळे मिळते असेही नाही. शहरातल्या कितीतरी काचेच्या दारांतून आतला थंडावा दिसतो, पण दार ढकलायची छाती होत नाही.

घ्यायचे ते एवढेच. वस्तीत वाचनालय, अभ्यासिका, विहार किंवा समाजमंदिर बांधताना आपण खोल्या किती आणि खर्च किती, याची चर्चा करतो. दाराची चर्चा करीत नाही. मग दार मागच्या बोळात जाते, जोते उंच होते, खिडक्या लहान राहतात. त्याऐवजी नकाशा कागदावर असतानाच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. रस्त्यावरून चालणाऱ्याला आत बसून वाचणारी मुले दिसतील का? दिसली तर पाचवीतले पोर आपोआप आत येते. दारापुढे सावलीचा ओटा आहे का? अनोळखी बाईला आधी ओट्यावर टेकता आले तर ती पुढे आत येते. पायऱ्यांच्या बाजूला उतार ठेवला आहे का? तो आज दोन पोती सिमेंटात होतो. नंतर करायचा म्हटले की राहून जातो. पाटी मराठीत आणि मोठ्या अक्षरांत आहे का? गोंडी बोलणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलू शकेल असे कोणी दाराशी आहे का? संध्याकाळी दारावर दिवा लागतो का? आणि कुलपाची किल्ली एकाच माणसाच्या खिशात आहे की वेळेवर उघडण्याची व्यवस्था आहे?

यांतील एकाही गोष्टीला मोठी काच लागत नाही. कौलारू पडवी, सिमेंटची जाळी, उत्तरेकडची रुंद खिडकी, एक बाक, एक दिवा एवढ्यावर ते भागते. मूल अडखळत नाही, म्हातारीला कोणाचा आधार मागावा लागत नाही, नव्या माणसाला आपण कोण हे आधी सांगावे लागत नाही, एवढे साधले की दार चांगले झाले असे समजावे.

पैसे असलेला गिऱ्हाईक जमिनीखाली उतरावा म्हणून एका कंपनीने काचेवर, जिन्यावर आणि उजेडावर वर्षानुवर्षे डोके चालविले, चुकले ते बदलले, ९० काचांच्या १५ केल्या, एक जिना होता तेथे आणखी दोन जोडले. पुस्तकाकडे येणाऱ्या पोरासाठी आणि औषधाला आलेल्या बाईसाठी तेवढे डोके कोणी चालवायचे? सरकारी इमारतीचा नकाशा आपल्या हाती नसतो, पण ग्रामसभेत तो मागून पाहता येतो, आणि दार कोठे आहे हे विचारताही येते. वस्तीतील इमारतीचा नकाशा तर आपल्याच हाती असतो. येत्या उन्हाळ्यात ज्या ज्या गावी बांधकामाची वर्गणी सुरू होईल, तेथील मंडळींनी पाया खणण्यापूर्वी एकदा वस्तीतल्या सर्वांत बुजऱ्या माणसाला त्या जागेवर आणून उभे करावे आणि विचारावे, दार कोठे असले तर तू आत येशील? तो जेथे बोट दाखवील, तेथे दार ठेवावे.